उष्ट्याचा ड्रम

फोडणीत कोण खोकत नाही

लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, खोकला हा आजार धरत नाहीत. मोठ्या कढईत लाल मिरचीची फोडणी पडली की सगळे लांगरी दाराकडे पळतात, खोकतात, डोळे पुसतात, एकमेकांना शिव्या घालतात आणि परत येऊन पळी हातात घेतात. डिझेलच्या भट्टीचा धूर वेगळाच. त्यामुळे मी खोकायला लागलो तेव्हा कोणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही. मी आपला मिरचीला बोल लावत राहिलो. नवं पोतं फुटलं की म्हणायचो, या खेपेची मिरची फारच तेज आहे यार.

संध्याकाळी अंगात कणकण यायची. पण भट्टीपुढे उभ्या माणसाला ताप कसा कळावा? घाम सगळ्यांनाच येतो. पँट कमरेत ढिली झाली, तर पट्ट्याला सुतळीच्या सुईनं नवं भोक पाडलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, पोट उतरलं.

हे मी लिहितोय ते अशा लोकांसाठी, ज्यांच्या खोकल्याला एक सोयीचं कारण घरबसल्या मिळालेलं आहे. गिरणीवाल्याला पीठ, मास्तरला खडू, रंगाऱ्याला रंग. कारण हाताशी असलं की माणूस दवाखान्यात जात नाही. मी आठवी शिकलेला माणूस, लिहिण्यात इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. एवढी वर्षं लखनौत राहून माझ्या मराठीत हिंदी मिसळली आहे, तीही चालवून घ्या.

बंदूक आणि पळी

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या बाजूला. तालुक्याच्या ठिकाणी एका भिंतीवर भरतीची जाहिरात रंगवलेली होती: बर्फ, बर्फात उभा जवान, हातात बंदूक, डोळे लांब कुठंतरी. मी आठवीनंतर शाळा सोडली आणि बापासोबत रस्त्याच्या कामावर डांबर उकळायला लागलो. पण पहाटे पळायला जायचो. तो भिंतीवरचा जवान मीच आहे असं मला वाटायचं.

बंदुकीच्या जागेला दहावी लागते, हे भरतीच्या रांगेत कळलं. आठवीवाल्यांची रांग वेगळी होती. तिथल्या साहेबानं विचारलं, खाना बनाना आता है? मी हो म्हटलं. रस्त्याच्या गँगला चहा आणि पिठलं मीच करायचो, ते काही खोटं नव्हतं.

ट्रेनिंगमध्ये बंदूक दिली. पळवलं, रांगवलं, नेम धरायला शिकवलं. तेव्हाचा एक फोटो घरी पाठवला, बानं तो काचेत बसवला. मग लखनौच्या छावणीत युनिट मिळालं. बंदूक कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, जमा झाली आणि माझ्या हातात आली माझ्या छातीएवढी उंच पळी. बर्फ सोडा, लखनौत थंडीत धुकं पडतं तेवढंच. माझी सरहद्द म्हणजे कांद्याची पोती, बटाट्याची पोती आणि मधे चूल. गावात लोक बाला विचारायचे, पोरगा कोणत्या बॉर्डरवर आहे? बा सांगायचा, ते सांगता येत नसते, गुप्त असते.

दोन सुट्ट्या मी त्याला तसंच समजू दिलं. तिसऱ्या सुट्टीत जेवताना सांगून टाकलं की मी स्वयंपाक करतो. बानं हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता फोटो उतरवतो. मग त्यानं विचारलं, "कोन कोन खाते तिथं?"

मी म्हटलं, सगळेच. ब्राह्मण आहेत, ठाकूर आहेत, जाट, यादव, पहाडी.

"तुह्या हातचं?"

"माह्या हातचं. लाइनीत उभं राहून, ताट पुढं करून."

आम्ही बौद्ध. माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर वरून पाणी ओतायचे, तो खाली ओंजळ धरायचा. हे बानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. तो ताटावरून उठला, हात धुतले, आणि काचेतल्या फोटोकडं बघत म्हणाला, "बंदुका लई जनापाशी असतेत. हे नसते."

तेव्हापासून फोनवर तो एकच विचारायचा. ख्यालीखुशाली नंतर, पहिलं हे. खातेत ना तुह्या हातचं? मी म्हणायचो, खातेत बा.

माझं काय पणाला लागलं होतं, हे पुढं वाचणाऱ्याला कळावं म्हणून हे सांगितलं.

बिस्तरबंद

लंगरात माझा उस्ताद मिश्रा. उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा, माझ्याहून वयानं थोडा मोठा, कानावर जानवं चढवून फिरणारा. सगळे त्याला पंडित म्हणायचे, मीपण. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला मागच्या दारी नेलं. तिथं उष्ट्याचा ड्रम असतो. जेवून झालं की जवान त्यात ताट झटकतात. पंडित म्हणाला, "साहब लोग पूछेंगे तो सब बोलेंगे खाना बढ़िया है. ज़बान छोड़, ड्रम देख." भाजीत मीठ जास्त पडलं की ड्रम सांगतो, डाळ कच्ची राहिली की ड्रम सांगतो. मी रोज बघायला लागलो. सवयच लागली.

पंडितचं आणि माझं चांगलं होतं. पण त्या वर्षी लंगरात नायकाची, म्हणजे बढतीची, एकच जागा निघायची होती, आणि दोघांचंही नाव चाललं होतं. तेव्हापासून आमच्यात थोडं मोजून मापून बोलणं सुरू झालं.

त्या दिवशी युनिटचा बडा खाना होता. अफसर, जवान, सगळे एकत्र जेवतात, वर्षातला मोठा दिवस. मी सकाळपासून मटणाला लागलो होतो. सूबेदार नेगीसाहेब लंगरात आले. ते सहसा चाखायला यायचे, म्हणून मी वाटी पुढं केली. त्यांनी वाटी घेतली नाही. म्हणाले, इंगले, बिस्तरबंद बाँध ले, अस्पताल जाना है.

मी म्हटलं, साहेब, आज बडा खाना.

"तेरे बगैर भी बन जाएगा."

ते रागानं बोलले नव्हते. पण भट्टीभोवतीचे सगळे हात थांबले. मी पंडितकडं पाहिलं. तो कढईत बघत होता. वर बघितलंच नाही त्यानं. जो माणूस प्रत्येक गोष्टीत तोंड घालतो, तो आज कढईत काय शोधतोय? तिथंच माझ्या मनात बसलं: यानंच सांगितलं.

इस्पितळात छातीचा फोटो काढला. सकाळची थुंकी डबीत घेतली. ती तीन वेळा का लागते, ते कोणी सांगितलं नाही, म्हणून मला वाटलं पहिल्या दोन हरवल्या. डॉक्टर मॅडम मेजर होत्या, दक्षिणेकडच्या, हिंदी जपून बोलायच्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि मला म्हणाल्या, टीबी है, ठीक होता है, दवाई नहीं छोड़नी.

मी एवढंच विचारलं, "मॅडम, बोर्ड आउट करेंगे?" बोर्ड आउट म्हणजे तब्येतीवरून घरी पाठवणं. फौजेत मरणाला जेवढं भीत नाहीत तेवढं या दोन शब्दांना भितात.

"पहले ठीक हो."

"नाही करणार" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी मला हेच ऐकू आलं. ठीक होता है, हे त्या दोनदा बोलल्या होत्या. ते मला महिन्यानंतर आठवलं.

लेटके सावधान

फौजी इस्पितळात आजारपणसुद्धा ड्रिलसारखं असतं. सकाळी चहा, मग थर्मामीटर, मग चादरी ताणून घ्यायच्या, मग राउंड. साहेब वॉर्डात शिरले की ज्याला उठता येतं तो पलंगाशेजारी उभा राहतो, ज्याला येत नाही तो पडल्यापडल्याच टाचा जुळवतो, हात मांड्यांना चिकटवतो. याला लेटके सावधान म्हणतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मला प्रेतासारखं वाटलं. भिंतीवरच्या चित्रात हे कुठं होतं?

गोळ्या नर्सिंग असिस्टंटच्या समोर गिळायच्या आणि नंतर तोंड उघडून दाखवायचं. मला वाटायचं, एवढा अविश्वास? चोर समजतात काय? मग दुसऱ्याच दिवशी लघवी शेंदरी झाली. मी घाबरून कोणालाच सांगितलं नाही. गोळ्यांत काहीतरी घालतात, मला आतून संपवून कागद पुरे करणार, असं काहीबाही डोक्यात यायला लागलं. हसू नका. तापात आणि एकटेपणात डोकं असंच चालतं. शेवटी शेजारच्या पलंगावरचा हवालदार, तोफखान्यातला, मला संडासाच्या दाराशी गाठून म्हणाला, "ऑरेंज हुआ? सबका होता है. मैंने तो आठ दिन ग़म में निकाले थे." गोळ्यांच्या रंगानं होतं ते. ज्याला ही औषधं सुरू झाली असतील त्यानं हे एक लक्षात ठेवावं, आणि विचारावं. विचारलं की सांगतात. न विचारणाऱ्याला कोण सांगणार?

तोच हवालदार एका सकाळी पलंगावर नव्हता. गादी गुंडाळलेली. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, छुट्टी गया. मी मान डोलवली आणि मनात समजलो काय ते. त्या दिवशी मी जेवलो नाही.

माझ्यामुळं सगळ्या लांगऱ्यांचे आणि माझ्या बराकीतल्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढले, ही बातमी वॉर्डात पोचली. कोणाला काही निघालं नाही. पण आता सगळ्या युनिटला ठाऊक झालं होतं की इतके महिने आपण कोणाच्या हातचं खाल्लं. बाचा फोन आला की मी कापायचो. बायकोला, सुनीताला, सांगितलं होतं की इस्पितळातलं बाला कळू देऊ नको, ड्युटीवर आहे म्हण. गुप्त असते म्हण.

पंडितचा डबा

रविवारी पंडित सायकलवर यायचा. छावणीतून इस्पितळ लांब नव्हतं, पण उन्हातानात. हातात डबा. अरहरची डाळ, वर तुपाचा थर, चार पोळ्या, कधी आलूची सुकी भाजी. पण तो माझ्या पलंगावर बसायचा नाही. व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा राहायचा, डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. मी बघायचो: हात लांबवून ठेवतो. तोंडावर गमछा.

आता सांगा, हे आजारासाठी की दुसऱ्या कशासाठी? गमछा सगळेच बांधायचे, मला माहीत होतं. वॉर्डात तोंड झाकून या असा नियमच होता, पाटीच लावलेली. तरी पण. ज्याचा आजा ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यालाय, त्याला लांबून ठेवलेला डबा सरळ दिसत नाही. त्यातून नायकाच्या जागेवर आता एकच नाव उरलं होतं. मला वाटायचं, चुगली करून आलाय आणि वर डाळ घेऊन आलाय.

मी डबा घ्यायचो, धन्यवाद पंडितजी म्हणायचो. तो गेला की वॉर्डाच्या मागच्या ड्रममध्ये रिकामा करायचो. डबा घासून ठेवायचो. असे तीन-चार रविवार गेले.

पुढच्या रविवारी त्यानं डबा ठेवला आणि गेला नाही. खांबाला टेकून बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आज कम लाया हूँ. फेंकने में भी मेहनत लगती है तुझे, बीमार आदमी है."

सायकल स्टँडला जायची वाट त्या ड्रमवरून होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आणि ड्रममध्ये न बघता पंडित पुढं जाईल कसा?

 तो सायकलची किल्ली फिरवत निघून गेला. मी डबा उघडला. दोन पोळ्या होत्या. त्या दिवशी मी खाल्लं. डाळीला हिंग जरा जास्त झाला होता, तो त्याचा नेहमीचाच. पण खरं सांगतो, खाऊनही संशय गेला नाही. मला वाटलं, मनाची टोचणी आहे त्याला, म्हणून एवढं सोसतो. संशयाचं असं असतं. समोरचा वाईट वागला तरी पुरावा, चांगला वागला तरी पुरावा.

आलमबाग

थुंकी साफ आली, तेव्हा मॅडमनी रविवारी काही तास बाहेर जायची परवानगी दिली. सुनीता लेकराला माहेरी ठेवून गावाहून आली होती. तिला ठेवून घेतलं वानखेडे वहिनींनी. वानखेडे भाऊ अकोल्याकडचे, रेल्वेत फिटर, आलमबागेत क्वार्टर. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला लखनौतली आपली मंडळी जमतात, तिथं मी एकदा भाजी केली होती, तेवढीच ओळख. तेवढ्या ओळखीवर त्यांनी माझ्या बायकोला दोन आठवडे घरात घेतलं. हे उपकार मी विसरणार नाही.

आलमबागेच्या बसस्टँडवर उतरलो तर समोर समोस्याच्या गाड्यावर कोण उभा? तोच तोफखान्याचा हवालदार. गाल भरलेले, तोंडात गरम समोसा, हातानंच मला थांब थांब करतोय. सुट्टीवरूनच परत आला होता तो. ज्याच्यासाठी मी एक दिवस उपाशी राहिलो, तो चटणी मागत होता. मला हसू आवरेना आणि त्याला कारण सांगता येईना.

वहिनींनी पाट मांडला, सगळ्यांसारखंच ताट वाढलं. त्यांची पोरगी पाचवी-सहावीतली, मराठी कळायची पण बोलायची हिंदीच. तिनं माझ्याकडं बघून सरळ विचारलं, "मम्मी, काका वाली बीमारी फैलती है ना?"

सुनीतानं मान खाली घातली. वहिनी भाकरी थापत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "पसरते. म्हणून तर काका रोज मूठभर गोळ्या खातो. तू एक कडू गोळी खाऊन दाखव, मग विचार." पोरगी म्हणाली, अच्छा, आणि लोणचं माझ्याकडं सरकवलं. तिच्याच बोटांनी, तिच्याच वाटीतलं. मला इस्पितळातल्या कुठल्याही कागदापेक्षा त्या लोणच्यानं जास्त धीर आला.

जेवण झाल्यावर वहिनी मुद्दाम शेजारी निघून गेल्या. मी सुनीताला पंडितचं सगळं सांगितलं. त्यानं माझं नाव कसं सांगितलं, जागेसाठी कसं केलं, वर डाळ कशी आणतो. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"त्यानं नाही सांगितलं. म्या सांगितलं."

मला कळेना.

"तुमच्या सूबेदारसाहेबाले म्या फोन केला. बाळंतपनाच्या टायमाले तुमी त्यांच्या मोबाइलवरून बोलले होते, तो नंबर होता माह्यापाशी. फोनवर तुमचा खोकला आयकला म्या. माह्या मामाचा बी असाच होता. तो बी म्हने, गिरनीतल्या पिठाचा हाय. मामी गप राहिली. म्या नाही राहनार."

तिला हिंदी येत नाही. मी विचारलं, काय बोललीस साहेबांशी?

ती जरा लाजली. "म्हटलं, साब, उनकी खाँसी अच्छी नहीं है. पूछे तो झूठ बोलते है."

मला राग आला, आधी सांगतो. माझी नोकरी, माझी जागा, आणि हिनं मला न विचारता फोन उचलला. मी तिला तोडून बोललो. ती रडली नाही. म्हणाली, "नोकरी गेली तर डांबर उकळू दोघं. तुमी गेल्यावर कोनाले विचारू?"

परतताना टेम्पोत बसलो तेव्हा राग उतरला. मेजर मॅडम म्हणाल्या होत्या, अजून दोन महिने उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी असती. ते दोन महिने मला या आठवी न शिकलेल्या बाईनं दिले होते, आणि मी तिचे आभार मानायचे सोडून चुगलखोर शोधत बसलो होतो.

पुढच्या रविवारी मी पंडितला विचारलं. तुला माहीत होतं का? त्यानं गमछा सारखा केला.

"खाँसी तो मैं दो महीने से सुन रहा था. मिर्च की खाँसी दरवाज़े तक जाती है, तेरी बैरक तक जाती थी."

"फिर बोला क्यों नहीं?"

"मैं बोलता तो तू क्या समझता?"

  तो दोन महिने गप्प राहिला कारण मी काय समजेन हे त्याला आधीच समजलं होतं. म्हणजे माझा संशय आजाराच्या आधीपासूनच होता, आणि त्या संशयानंच मला मारलं असतं. असंही असेल की पंडितला खरंच जागा हवी होती आणि गप्प राहण्यात त्याचाही थोडा फायदा होता. मी ते पुरतं पुसून टाकू शकलेलो नाही. पण डाळ मात्र मी त्यानंतर फेकली नाही.

वेगळा खिळा

इस्पितळातून सुटून, आजारपणाची रजा घरी काढून युनिटला परतलो, तेव्हा मला हलकी कॅटेगरी मिळाली होती. लंगर बंद. कामं कसली? झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावणं, वाटेकडेचे दगड रंगवणं. जवान जाता-येता विचारायचे, कैसा है इंगले? मी चेहरे बघायचो. कोण जवळून बोलतो, कोण चालता चालता.

लंगरात आमचे चहाचे मग एका ओळीत खिळ्यांना टांगलेले असतात. माझा मग ओळीत नव्हता. कोपऱ्यात, वेगळ्या खिळ्याला होता. मी पंडितला विचारलं. तो म्हणाला, तू नव्हतास, धूळ बसत होती, कोणीतरी बाजूला टांगला असेल. कोणी? त्याला माहीत नव्हतं. मी तो मग उचलून ओळीत लावला. दुसऱ्या दिवशी तो ओळीतच होता. एवढंच. तो कोणी हलवला होता हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

नायकाची फीत पंडितला मिळाली. मी त्याला सलाम ठोकला, त्यानं मला शिवी घातली.

बाला मी रजेत सगळं सांगून टाकलं होतं.  तेव्हापासून फोनवरचा त्याचा तो प्रश्न बंद झाला. तब्येत विचारायचा, गोळ्या विचारायचा, पण ते विचारायचा नाही. त्यानं न विचारणं मला खोकल्यापेक्षा जड जायचं.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. पुन्हा फोटो, पुन्हा थुंकी, मग डॉक्टरांचा बोर्ड. त्याच मेजर मॅडम होत्या. मी टाचा जुळवून उभा. त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "जाओ, रोटी बनाओ." मी हललो नाही. मला वाटलं पुढं काहीतरी आहे. त्या हसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "और कुछ नहीं है, जाओ." ज्यांच्या गोळ्यांवर मी विष म्हणून संशय घेतला होता, त्यांना मी नीट धन्यवादसुद्धा म्हणू शकलो नाही. इथं म्हणतो.

ड्रम

पहिल्या दिवशी पंडितनं मला दुपारचा तवा दिला. राजमा त्याचा, पोळ्या माझ्या. सूबेदार नेगीसाहेब चाखायला आले. त्यांनी माझी पोळी उचलली, सगळ्यांसमोर तोडून खाल्ली. मला वाटलं, हे मुद्दाम. सगळ्यांना दाखवायला. असेलही. पण त्यांनी दुसरी मागितली, आणि दुसरी कोणी दाखवायला खात नाही.

लाइन लागली. ताटं पुढं आली. मी मान खाली घालून पोळ्या टाकत होतो. दोन पोरं लाइनीतून निघून कँटीनकडं गेली, ते मी बघितलं. ती रोजच जायची का, मला आठवेना.

जेवणं उरकल्यावर मी मागच्या दारी गेलो. ड्रमचं झाकण काढलं. लिंबाच्या फोडी, मिरचीचे देठ, राजम्याचा रस्सा, कांद्याच्या चकत्या. आणि वर अख्ख्या पोळ्या. न मोडलेल्या. माझ्या पोळ्या मी ओळखतो, एका बाजूला जरा जाड राहतात.

 मागून पंडित आला. त्यानं माझ्या खांद्यावरून आत वाकून बघितलं, जसा पहिल्या आठवड्यात बघायला शिकवत होता.

"क्या देख रहा है?"

मी बोट दाखवलं.

"तो? राजमे के दिन चावल ज़्यादा लेते हैं, रोटी बचती है. हमेशा बचती है. पहले तूने कभी देखा कि किसने फेंकी?"

मी आठवून पाहिलं. तो खोटं बोलतोय का, हेही पाहिलं. राजम्याच्या दिवशी ड्रममध्ये पोळ्या असायच्या. आजारी पडायच्या आधीही असायच्या, जाड कडेच्या. तेव्हा मी मीठ बघायचो, शिजलं की नाही ते बघायचो. कोणी टाकली ते कधी बघितलं नव्हतं.

आजही मी रोज झाकण काढतो. बरा झालो म्हणून सगळं धुऊन निघालं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. छातीच्या फोटोत डाग बुजलेला दिसतो. तसा डोक्याचा फोटो निघत नाही.

संध्याकाळी मीच बाला फोन लावला. आज तव्यावर होतो म्हणून सांगितलं.  मग खूप दिवसांनी त्यानं विचारलं, आवाज दबकाच,

"खातेत का तुह्या हातचं?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण इतक्या खोट्यांनंतर त्याला साधं हो द्यावंसं वाटलं नाही.

"खातेत बा. काही जन टाकतेत बी."

 "पयले टाकत होते का?"

"पयले बी टाकत होते."

"मंग झालं," बा म्हणाला, आणि पाऊसपाण्याचं विचारायला लागला.